न्यूझीलंडमध्ये बालशिक्षणातील प्रमुखपद: राजारामपुरीच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचे पत्र सावकाश वाचले. शिवाजी विद्यापीठाची बी.ए. पदवी, बालवाडी शिक्षिकेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, राजारामपुरीतील बालवाडीत अकरा वर्षांची नोकरी आणि त्यातील सहा वर्षे प्रमुख म्हणून जबाबदारी, एवढी शिदोरी घेऊन तुम्ही न्यूझीलंडला येऊ पाहता. येथे आल्यावर आधी नेतृत्वाचा किंवा व्यवस्थापनाचा डिप्लोमा केला तर थेट सेंटर मॅनेजर होता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. मीही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून हाच हिशेब मांडून निघाले होते, आणि एका एजंटाच्या सल्ल्याने व्यवसाय-व्यवस्थापनाच्या डिप्लोमावर एक वर्ष व बँकेच्या कर्जाचा मोठा हिस्सा घालवला. ते प्रमाणपत्र आजही कपाटात आहे. बालशिक्षणाच्या एकाही मुलाखतीत ते कोणी पाहायला मागितले नाही.

याचे कारण येथील व्यवस्थेत आहे. २००८ च्या नियमावलीने प्रत्येक केंद्रात 'पर्सन रिस्पॉन्सिबल', म्हणजे मुलांचे शिक्षण, आरोग्य आणि सुरक्षितता यांना थेट जबाबदार असणारी व्यक्ती, आवश्यक ठरवली आणि ती पात्रताधारक शिक्षिका असावी अशी अट घातली. त्याशिवाय सरकारी अनुदानाचा दर केंद्रात नोंदणीकृत शिक्षकांचे प्रमाण किती यावर ठरत आला आहे, त्यामुळे संचालक उमेदवाराची नोंदणी आधी पाहतात, बाकीचे गुण नंतर. नियमांत अलीकडे फेरबदलाच्या हालचाली सुरू आहेत, म्हणून पैसे भरण्यापूर्वी शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील ताजा मजकूर स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका.

तुमच्यासाठी सरळ वाट अशी: बी.ए. पदवीची न्यूझीलंड क्वालिफिकेशन्स ऑथॉरिटीकडून समकक्षता ठरवून घ्यायची, त्या पदवीच्या आधारे बालशिक्षणातील एक वर्षाचा ग्रॅज्युएट डिप्लोमा इन टीचिंग करायचा, ज्यात केंद्रांमधील प्रत्यक्ष सराव असतो, आणि मग टीचिंग कौन्सिलकडे, म्हणजे शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी करायची. इंग्रजीचा पुरावा लागतो; किती गुण हवेत ते कौन्सिलकडूनच पाहून घ्या. नोंदणीनंतर अनुभवी शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली दोन वर्षे काम केल्यावरच पूर्ण प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट, म्हणजे शिकवण्याचा पूर्ण परवाना, मिळते. म्हणजे प्रमुखपदाकडे पाहण्याआधी किमान तीन वर्षे हाताशी धरा. इमिग्रेशनच्या ग्रीन लिस्टमध्ये, म्हणजे देशाला गरज असलेल्या व्यवसायांच्या यादीत, बालशिक्षिकांचा समावेश झालेला आहे, पण तिथेही व्यवस्थापनाचा डिप्लोमा नव्हे, नोंदणीच उपयोगी पडते.

ही दोन वर्षे वाया जातील असे तुम्हाला वाटेल, कारण सहा वर्षे 'हेडबाई' म्हणवून घेतल्यावर पुन्हा लंगोट बदलणे आणि झोपलेल्या बाळांचा श्वास दर पाच-दहा मिनिटांनी तपासून तक्त्यावर वेळ लिहिणे मनाला लागते. मला लागले होते. पण नेतृत्वाचे खरे शिक्षण माझ्या बाबतीत त्याच दोन वर्षांत झाले. वाळूच्या हौदात एक तीन वर्षांचा मुलगा पुन्हा पुन्हा डब्याने पाणी ओतत होता आणि मी नोंदवहीत 'मुलगा वाळूत आनंदाने रमला' असे लिहून मोकळी झाले. माझ्या मार्गदर्शिकेने तो कागद परत देताना एवढेच विचारले, "पाणी जिरल्यावर त्याने काय केले?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी हौदाजवळ बसून राहिले, तेव्हा लक्षात आले की तो प्रत्येक वेळी खड्डा थोडा खोल करून पाणी किती वेळ टिकते हे पाहत होता. पुढे मी गटप्रमुख झाल्यावर नव्या शिक्षिकांच्या नोंदी वाचताना असाच प्रश्न विचारते. चूक दाखवत नाही. येथे या नोंदींना 'लर्निंग स्टोरी' म्हणतात आणि प्रमुखाची पारख बहुधा त्यांवरूनच होते.

यासोबत 'ते फारिकी' हा राष्ट्रीय अभ्यासक्रम मन लावून वाचा. त्याच्या नावातील (Te Whāriki) 'wh' हे स्पेलिंग 'फ' असे उच्चारले जाते. मुलाखतीत उच्चार चुकला तर पहिली छाप बिघडते. हा अभ्यासक्रम १९९६ साली आला, २०१७ मध्ये सुधारला गेला आणि त्याच्या नावाचा माओरी, म्हणजे येथील मूळ रहिवाशांच्या, भाषेतील अर्थ विणलेली चटई असा आहे. त्यात चार तत्त्वे आणि पाच सूत्रे एकमेकांत विणलेली आहेत. माओरी भाषा आणि रीत यांचे स्थान त्यात सजावटीचे नाही, आणि त्याविषयी प्रमुखाला केंद्रातल्या सर्वांना तयार करावे लागते. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय तुम्ही जवळून पाहिले असेल, तर मुलाच्या कुतूहलामागे मोठ्यांनी चालणे तुम्हाला परके वाटणार नाही. परके वाटेल ते हे की येथे बैठकीत सर्वात नवी शिक्षिकाही प्रमुखाला नावाने हाक मारून, सर्वांसमोर, "मला हे पटत नाही," असे म्हणते. कोल्हापुरात मी तो उद्धटपणा समजले असते. सुरुवातीला माझा चेहरा उतरायचा आणि ते सगळ्यांना दिसायचे.

नेतृत्वाचे औपचारिक शिक्षण त्यानंतर घ्या. वायकाटो विद्यापीठात शैक्षणिक नेतृत्वाची पदव्युत्तर पदवी आहे, आणि नोकरी सांभाळून ती करणाऱ्या सहकारी मी पाहिल्या आहेत; हाताखाली खरी माणसे आणि खरा प्रश्न असताना त्यातले वाचन अंगी लागते.

निघण्याआधीची कामे मात्र कोल्हापुरातूनच उरका. अनुभवपत्रात 'समाधानकारक काम केले' एवढ्याने भागत नाही; रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, मुलांचे वयोगट, तुमच्या हाताखालील शिक्षिकांची संख्या आणि प्रमुख म्हणून नेमकी कोणती कामे केलीत, हे सारे संस्थेच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासह घ्या. गुणपत्रिकांवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र आधीच काढून ठेवा. माझा अर्ज एका आडनावापायी सात आठवडे अडकला होता. अनुभवपत्राचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, संस्थाचालकांची सही घेण्याआधी मी वाचून देईन.