सिलॉजिझममधलं आयदर-ऑर

प्रश्न : सर, बँकेच्या प्रिलिम्सची तयारी करतेय, सिलॉजिझममध्ये, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष तपासायच्या प्रश्नांत, 'आयदर-ऑर' (दोन निष्कर्षांपैकी कुठला तरी एक खरा) हा पर्याय कधी टिक करायचा तेच कळत नाही.

उत्तर : हे बघ, विधानं घे, सगळे पेन वह्या आहेत, काही वह्या टेबल आहेत. निष्कर्ष दोन, काही पेन टेबल आहेत आणि एकही पेन टेबल नाही. आता प्रत्येक गटाचा एक गोल काढ, पेनचा गोल पूर्ण वह्यांच्या गोलात बसतो, टेबलचा गोल वह्यांच्या गोलात थोडा घुसतो पण पेनला लागेलच असं नाही, लागणारच नाही असंही नाही, म्हणजे सुटा एकही पक्का नाही, तरी दोन्हीपैकी एक खरा असणारच, म्हणून आयदर-ऑर. पण 'सगळे' आणि 'एकही नाही' अशी जोडी आली तर फसू नकोस, कारण फक्त काही पेन टेबल असले की दोन्ही खोटे पडतात! आणि पेन म्हणजे खरंच वही कशी, हा विचार पेपरात आणायचाच नाही, दिलेलं विधान खरं धरून गोल काढायचे.