पोकेमॉन एमराल्ड : माझा ग्लूम लेव्हल ३० झाला तरी इव्हॉल्व्ह का होत नाही?

पोकेमॉन एमराल्ड या गेमबॉयवरच्या व्हिडिओ गेममध्ये तुमचा ग्लूम नावाचा पोकेमॉन इव्हॉल्व्ह होत नाही, म्हणजे पुढच्या रूपात बदलत नाही, आणि लढाईतही टिकत नाही, असं तुम्ही विचारलंय. तुमची कार्ट्रिज नकली असल्याची शंका आधी डोक्यातून काढा. गेम बरोबर चाललाय. ओडिश, म्हणजे ग्लूमचं आधीचं रूप, २१ व्या लेव्हलला आपोआप ग्लूम होतो, पण तिथून पुढे त्याला शंभरपर्यंत नेलंत तरी तो ग्लूमच राहणार. त्याला दगड लावावा लागतो. लीफ स्टोन लावला तर व्हाइलप्लूम, सन स्टोन लावला तर बेलॉसम.

लीफ स्टोन रूट ११९ वर (गेममधल्या वाटांना असे नंबर आहेत) पडलेला सापडतो. तो चुकला असेल तर रूट १२४ च्या समुद्रात एका खजिनावाल्याचं घर आहे, तो ग्रीन शार्ड नावाचा हिरवा तुकडा घेऊन लीफ स्टोन देतो. सन स्टोन मॉसडीप शहरातल्या स्पेस सेंटरमध्ये मिळतो. तिथल्या एकूण एक माणसाशी बोला, त्यातला एक जण हातात ठेवतो. फुकट.

पण दगड मिळाला म्हणून लगेच लावू नका. हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतोय. दहावीच्या सुट्टीत मामेभावाचा गेमबॉय महिनाभर माझ्याकडे होता. रूट ११९ च्या त्या पावसात मला लीफ स्टोन दिसला आणि माझा ग्लूम तेव्हा जेमतेम २५ चा होता. पाच मिनिटांत व्हाइलप्लूम. भलतं मोठं लाल फूल, खाली इवलंसं अंग, मी खूश. पुढे कळलं की ग्लूम ३५ व्या लेव्हलला मूनलाइट शिकतो, म्हणजे स्वतःची जखम स्वतः भरून काढायची मूव्ह (लढाईतला डाव), आणि व्हाइलप्लूम ती लेव्हल वाढवून कधीच शिकत नाही. फॉलार्बर गावात हार्ट स्केल नावाची वस्तू घेऊन मूव्ह शिकवणारा एक जण आहे, त्याच्याकडे धावत गेलो. तर तो पोकेमॉन आत्ता जो आहे त्याच्याच यादीतलं शिकवतो. ग्लूमपणी काय शिकायचं राहिलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेवटी त्याच्याकडून अरोमाथेरपी घेतली आणि गप्प बसलो.

तेव्हा तुमच्या ग्लूमला अजून पाच लेव्हल तसाच राहू द्या. ३५ ला मूनलाइट शिकला की मग दगड. त्याहून जास्त थांबायची गरज नाही, कारण पेटल डान्स ही पुढची मूव्ह ग्लूम, व्हाइलप्लूम आणि बेलॉसम तिघंही ४४ लाच शिकतात. मूनलाइटचं एकच लक्षात ठेवा, हवा साधी असेल तर निम्मं एचपी (पोकेमॉनचा जीव) भरतं, उन्हात दोन तृतीयांश आणि पावसात फक्त पाव. पावसाच्या रूटवर तिच्या भरवशावर राहू नका.

आता दोघांपैकी कोण? आकडे बघितलेत तर हसाल. व्हाइलप्लूमचा स्पेशल अटॅक १०० आणि स्पेशल डिफेन्स ९०, बेलॉसमचं नेमकं उलटं. बाकी सगळं या गेममध्ये सारखंच, वेग दोघांचाही ५०, म्हणजे बैलगाडी. खरा फरक टाइपचा, म्हणजे पोकेमॉनच्या जातीचा. व्हाइलप्लूम ग्रास आणि पॉयझन, बेलॉसम नुसती ग्रास. पॉयझन असल्यामुळे व्हाइलप्लूमला विष चढत नाही, हा फायदा. पण एमराल्डमध्ये पॉयझनच्या मूव्हजना साधा अटॅक लागतो, स्पेशल नाही, त्यामुळे तिचा तो १०० चा आकडा विषाच्या कामी येत नाही. शिवाय मॉसडीपच्या जिममध्ये, म्हणजे जिथे जिंकून पुढे जायचं त्या आखाड्यात, टेट आणि लिझा ही जुळी भावंडं सायकिक पोकेमॉन घेऊन बसलेली असतात आणि सायकिकसमोर पॉयझनवाला दुप्पट मार खातो. बेलॉसमला ती भीती नाही. मात्र त्यांच्या सोलरॉकजवळ फ्लेमथ्रोअर आहे, ग्रासवाला कुठलाही असो, त्याच्यापासून जपा. मला विचाराल तर बेलॉसम. सन स्टोन त्याच गावात मिळतो, तोवर तुमचा ग्लूम ३५ पार झालेला असेल.

यात एक गंमत आहे. पोकेडेक्सच्या, म्हणजे पोकेमॉनच्या माहितीकोशाच्या, एका नोंदीप्रमाणे ग्लूम जितका घाणेरड्या वासाचा, तितकी त्याची बेलॉसम देखणी. आमच्या कोकणातल्या परड्यात पावसाच्या तोंडावर सुरणाला फूल आलं की आजी म्हणायची, उंदीर मेला वाटतं कुठेतरी. ते जांभळट, सुरकुतलेलं फूल बघितलेलं असल्यामुळे मला तोंडातून लाळ गाळणारा ग्लूम कधी किळसवाणा वाटलाच नाही. (पोकेडेक्स म्हणतो ती लाळ नाही, शिकार जवळ यावी म्हणून गाळलेला मध आहे. असेल बुवा.)

तुमचा दुसरा प्रश्न, तो लढाईत टिकत नाही. टिकणार कसा, तुम्ही अजून त्याला ॲब्सॉर्ब या शोषायच्या मूव्हवर ठेवलंय! तिची ताकद २०. त्याला समोरासमोर भिडवायचाच नाही. आधी स्लीप पावडर ही झोपवायची मूव्ह. चारात एकदा चुकते, पण लागली की समोरचा घोरत पडतो, मग सावकाश त्याचं रक्त शोषा. नवे पोकेमॉन पकडायलाही हीच पावडर उपयोगी. लेव्हल वाढवायला गेममधल्या देवॉन कंपनीच्या मिस्टर स्टोननी दिलेलं एक्सपी शेअर त्याच्या हातात द्या आणि दुसऱ्याला लढू दे, निम्मा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) घरबसल्या मिळतो.

शोषायला ॲब्सॉर्बऐवजी गिगा ड्रेन हवी, ताकद ६०. तिचा टीएम १९ (मूव्ह शिकवायचं यंत्र) रूट १२३ वर, माउंट पायर ओलांडून खाली उतरलात की एक मुलगी देते. ग्रास पोकेमॉन दाखवला तरच देते, तेव्हा जाताना ग्लूमला टीममध्ये घ्या. मी माझ्या ग्लूमला पीसीत (टीमबाहेरचे पोकेमॉन ठेवायच्या गेममधल्या कॉम्प्युटरमध्ये) ठेवून गेलो होतो आणि माउंट पायरचं पाणी दोनदा पार करावं लागलं.