दातांच्या डॉक्टरांना विचारा : पोराच्या दप्तरात माव्याची पुडी सापडली

प्रश्न : डॉक्टर, बार्शीजवळच्या गावातनं लिहितेय. मुलगा आठवीत आहे, परवा दप्तर धुवायला काढलं तर कंपासपेटीत माव्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी निघाली. त्याच्या वडिलांनी पट्ट्यानं मारलं, पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. ते स्वतः दिवसभर तंबाखू मळतात, आणि मीही लग्नाआधीपासनं मिश्री लावते. त्याला बोर्डिंगला टाकू का?

उत्तर : ताई, बोर्डिंगला टाकू नका आणि मारणं आजच्या आज बंद करा. मारानं पोरगं मावा सोडत नाही, फक्त लपवायची जागा बदलतं. मिश्रीचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण मला जे सांगायचंय ते तिथनंच सुरू होतं.

आपल्याकडे पोरांच्या व्यसनाचा विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यासमोर सिगरेट येते. पण 2016-17 च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात मोठ्या माणसांपैकी ओढणारे 4 टक्क्यांच्या आत होते आणि चघळणारे, मळणारे, मिश्री लावणारे 24 टक्क्यांच्या वर, म्हणजे आपला खरा प्रश्न गालातला आहे, आणि तो घरातल्या घरात पोरांपर्यंत जातो. 'जा रे, टपरीवरनं पुडी आण, उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे' हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येतं तिथल्या पोराला पुडी म्हणजे काही भानगडीची गोष्ट आहे असं वाटणार कसं? 2019 च्या शाळकरी मुलांच्या सर्व्हेत दिसलं की चघळायचं व्यसन लागलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी दहावा वाढदिवस व्हायच्या आधीच सुरुवात केली होती. दहा वर्षांचं पोर हे काय स्वतःच्या डोक्यानं शोधून काढतं का हो!

म्हणून पहिलं काम, त्याला पुडी आणायला पाठवणं बंद. दुसरं, तुम्ही दोघांनी त्याच्याबरोबरच सोडायचं ठरवा आणि ते त्याच्यासमोर बोला. मिश्री दात घासायला लावतो असं आपण म्हणतो पण ती भाजलेली तंबाखूच आहे, निकोटिन हिरडीतनं रक्तात जातं आणि म्हणूनच सकाळी ती लावल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही. मालकांना आर. आर. आबांची आठवण करून द्या, एवढा राज्याचा गृहमंत्री राहिलेला माणूस, मुंबईतले मोठे डॉक्टर हाताशी, तरी 2015 मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेला.

आता पोराचं तोंड बघू. उजेडात बसवा, तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या वरच्या-खालच्या दातांमधे जातात का बघा. मावा ज्या बाजूला धरतो त्या गालाची आतली कातडी पांढरट, पुठ्ठ्यासारखी ताठ लागते का, आणि भाजीतलं साधं तिखटही त्याला झोंबतं का, हे विचारा. माव्यात तंबाखू-चुन्याबरोबर सुपारी असते, आणि तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनं, त्यामुळे 'नुसती सुपारी खातो' हीसुद्धा सुटका नाही. एकदा आखडलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, म्हणून तीन बोटं आत जात नसतील तर याच आठवड्यात डेंटिस्टकडे न्या.

सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस तो चिडेल, झोप लागणार नाही, अभ्यासात लक्ष नसेल, तेव्हा मार्कांवरनं बोलू नका. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच उतरतं. निकोटिनचं च्युइंगगम मेडिकलमधनं आणून स्वतःच्या मनानं देऊ नका, तो लहान आहे. 1800-11-2356 हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथे तिघांनीही बोला.

प्रश्न : मी दहावीत आहे, पुण्यात. क्लासच्या ग्रुपमधले सगळे व्हेप, म्हणजे ई-सिगरेट ओढतात, म्हणतात त्यात तंबाखू नसतो, फक्त फ्लेवर असतो. नाही म्हटलं की बच्चा म्हणतात.

उत्तर : अरे, तंबाखूचं पान नसतं पण बहुतेक लिक्विडमधे निकोटिन असतं आणि सवय लागते ती निकोटिनचीच. 2019 पासून भारतात व्हेप बनवणं, विकणं, बाहेरून आणणं सगळ्यावर बंदी आहे, म्हणजे जे मिळतं ते चोरून आलेलं, आत काय भरलंय ते कुणीच तपासलेलं नाही, मग डबीवर 'झीरो निकोटिन' लिहिलेलं असलं तरी विश्वास कशावर ठेवायचा? आणि 'सगळे' हे खरं नाही. मघाशी सांगितलेल्या 2019 च्या सर्व्हेत देशातले 13 ते 15 वर्षांचे साडेआठ टक्केच विद्यार्थी कुठल्यातरी प्रकारे तंबाखू घेत होते, म्हणजे शंभरातले नव्वदच्या वर तुझ्याच बाजूला आहेत. नाही म्हणताना कारणं देऊ नकोस, कारण दिलं की वाद सुरू होतो. 'मला नको' म्हण आणि वडापाव खायला थांब, ग्रुप सोडायची गरज नाही. तरी त्रास देतच राहिले तर ती मैत्री मला पटत नाही, स्पष्ट सांगतो.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यातल्या शाळेत शिक्षक आहे. फाटकासमोरच खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून विकतात, सातवीची मुलंही घेतात. टपरीवाला ग्रामपंचायत सदस्याचा भाऊ आहे.

उत्तर : सर, एकट्यानं भांडायला जाऊ नका. 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्यानं शाळेपासून 100 यार्डात, म्हणजे साधारण 91 मीटरात, विक्रीच बंद आहे, पण दंड फक्त 200 रुपयांपर्यंत, त्याला कोण घाबरतो? त्याला 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 दाखवा, मुलाच्या हातात तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, मग ग्रामसभेत मांडा, कॉपी पोलीस स्टेशनला द्या, आणि फाटकापासून अंतर मोजून पिवळी रेघ मारा. शेजारच्या गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या मोहिमेनं दारू-तंबाखूविरुद्ध गावं एकत्र आणून काम केलंय, त्यांच्या लोकांना भेटून या. महिला बचत गट सोबत असले तर सदस्याच्या भावालाही ऐकावं लागतं. आणि सर, राग मानू नका, आधी स्टाफरूममधला खर्रा बंद करा, ठराव मांडायच्या दिवशी पहिला प्रश्न त्यावरच येणार.