पेटीचा गांधार आणि तंबोऱ्याचा गांधार

प्रश्न : मी घरी भूप रागाचा रियाज ध्वनिमुद्रित करते. पेटी आणि तंबोरा षड्जावर (सा) नीट जुळवूनही पेटीचा गांधार (ग) थरथरतो. सॅम्पल रेट ४४,१०० वरून ९६,००० केला, तरी फरक पडला नाही. दोष कुठे असावा? – एक वाचिका, सातारा

उत्तर : दोष यंत्रात नाही आणि तुमच्या कानात तर मुळीच नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की सुमारे २२,००० कंपनांपर्यंतचा, म्हणजे माणसाला ऐकू येणारा सगळा ध्वनी नोंदला जातो. आकडा वाढवल्याने फाइल फुगते, स्वर सुरात येत नाही.

खरी गोम पेटीच्या जुळणीत आहे. हिशेबासाठी षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू, म्हणजे तंबोऱ्याचा खरज, अर्थात खालच्या सप्तकातला षड्ज, १२०. ही तार छेडली की १२०च्या पटीतले २४०, ३६०, ४८०, ६०० असे स्वरही तिच्यातून आपोआप उमटतात आणि जवारी (घोडीवर तार टेकते तिथली जुळणी) चांगली लागली असेल, तर त्यांतला ६००चा तार गांधार स्पष्ट ऐकू येतो. त्याच्या निम्मा, ३००चा गांधार गळ्याला तंबोऱ्यावर सहज सापडतो. पेटीत मात्र कोणत्याही काळी-पांढरीपासून षड्ज धरता यावा म्हणून सप्तकाच्या बारा सारख्या पायऱ्या केलेल्या असतात; प्रत्येक पायरी मागचीच्या सुमारे १.०५९५ पट. चार पायऱ्या चढल्यावर गांधार येतो तो ३०२.४चा. त्याची दुप्पट ६०४.८ आणि तंबोऱ्याचे ६०० एकत्र वाजले की आवाज लहानमोठा होत सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे बसतात, तीच तुमची थरथर. पंचमाची पट्टी दाबून धरा : पेटीचे ३५९.६ आणि तंबोऱ्याचे ३६० यांचा हेलकावा सुमारे अडीच सेकंदांनी एकदा येतो, तो घड्याळावर मोजताही येईल. इतका संथ असल्यामुळेच तो कानाला खुपत नाही.

ही अडचण जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांची, वेगळी पेटीच तयार करवून घेतली होती. तुम्ही कायम एकाच स्वरात गात असाल, तर जाणत्या कारागिराकडून गांधाराची रीड (आतली धातूची जीभ) मुळाशी किंचित घासून उतरवून घेता येईल. मात्र षड्ज बदललात की तीच रीड दुसऱ्या जागी खटकेल. त्यापेक्षा गांधारावर न्यास करताना, म्हणजे थांबताना, पेटीवरचे बोट उचलावे आणि गळा व तंबोरा एवढेच मुद्रित होऊ द्यावे, असे मला वाटते. गांधार भूपाचा वादी, म्हणजे सर्वांत प्रमुख, स्वर आहे. निदान त्या रागात तरी त्याला तंबोऱ्याचीच सोबत द्यावी.