हिरवी बाटली संपली, पिवळी तशीच

“मॅडम, माझ्या दिवसात काढण्यासारखं काही घडतच नाही. मग चित्र कशाचं काढू?” बदली होऊन, लग्न होऊन किंवा शिकायला नव्या गावात आलेली माणसं हा प्रश्न मला वारंवार विचारतात. इथे सांगते ती हकीकत धुळ्यातल्या एका ताईंची, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ताई मालवणकडच्या. नवऱ्याची बदली झाली म्हणून धुळ्यातल्या देवपूर भागात भाड्याच्या घरात आलेल्या. झोप, भूक ठीक होती, मुलांचं सगळं वेळच्या वेळी होत होतं, पण करमत नव्हतं. (ही विचारपूस मी आधी करतेच. झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, जगणं नको वाटत असेल तर चित्रांच्या वहीवर भागवू नये, डॉक्टरांना दाखवावं.) रंगवायची आवड त्यांना लहानपणापासून. वही उघडून दाखवली: माड, खाडी, खळं, पुन्हा माड. रंगांच्या बाटल्यांतली हिरवी तळाला गेलेली, मातकट पिवळीचं सीलही तोडलेलं नाही. दोन वर्षं धुळ्यात राहूनही वहीत धुळं कुठेच नव्हतं.

पहिल्यांदा चूक माझी झाली. मी म्हटलं, एकवीरा देवीचं मंदिर काढा, लळिंगचा किल्ला काढा. त्यांनी काढले. नीटनेटके होते, पण फोटो पाहून कुणीही काढावेत तसे.

मग मी विचारलं, “इथलं काय खुपतं?” आणि त्या धडाधड बोलायला लागल्या. पाण्याचा दिवस! रात्री दोनला नळ आला की सगळ्या घरांतून एकदम मोटारी सुरू होतात आणि अंधारात बायकांच्या हाका ऐकू येतात. मे महिन्यात दुपारी खिडकीचा गज हात लावू देत नाही. आणि गावात गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे! “गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. आमच्याकडे वाट माडाला वळसा घालून जाते, इथे फूटपट्टीने आखल्यागत.” खरंच आखलेल्या आहेत. 1819 च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने नवं धुळं सरळ रस्त्यांचं वसवलं. हे मला ठाऊक होतं, पण मी इथेच वाढले, त्यामुळे त्या सरळपणाकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. ताईंना तो दोन वर्षांनंतरही टोचत होता.

म्हणून मी त्यांना सांगितलं, गाव आवडायची वाट पाहू नका. सवय झाली की हे दिसायचं बंद होईल. खुपतं तेच आधी काढा.

आठवडाभर ब्रश बंद. रात्री पाच मिनिटं बसून दिवसातली एकच गोष्ट लिहायची: काय ऐकू आलं, कसला वास होता, हाताला काय लागलं. ‘उदास वाटलं’ एवढं लिहून चालणार नाही, तेव्हा समोर काय होतं ते लिहा. पुढच्या आठवड्यात त्यातलं एक आठवणीतून काढायचं, मोबाइलमधला फोटो न बघता. आठवणीत जे सुटलं ते सुटू द्या, जे मोठं झालं ते मोठंच राहू द्या. हा आग्रह मी सोडत नाही, कारण फोटो सगळ्यांना सारखा दिसतो.

पहिलं चित्र आलं ते निळ्या पिंपाचं. पिंप कागदभर आणि घर बोटाएवढं! मला ते फार आवडलं.

एप्रिलमध्ये शेजारच्या मावशींनी गच्चीवर खाटेवर ओलं लुगडं पसरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पापड, घालायला घेतले. ताई कठड्याशी वही घेऊन बसल्या. “काय करी ऱ्हायनी वं?” म्हणत मावशी डोकावल्या. चित्रात त्यांचेच हात होते. मावशींनी थोडा वेळ निरखून पाहिलं. “आसं नही वं माय, आठे देख,” म्हणाल्या, हात पाण्यात बुडवला आणि अंगठा कसा वळतो, पीठ बोटांनी कसं सरकतं, ते हळूहळू करून दाखवलं. ताई त्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत गच्चीवरच होत्या.

पिवळी बाटली आता अर्धी झाली आहे. शिजलेल्या पिठाचा रंग नुसत्या पिवळ्याने येत नाही, म्हणून त्या त्यात पांढरा कालवतात. तरी अजून हवा तसा उतरलेला नाही, असं परवा फोनवर सांगत होत्या.