दरड पडली एकला, गाडी बंद पडली पावणेसातला

भावा, तुझा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. पेठेतल्या मंडळाची १९ पोरं, जुलैतला शनिवार, मालवणची दोन दिवसांची ट्रिप, १७ सीटची ट्रॅव्हलर २६,००० ला ठरली आणि त्यातले १८,००० यानं, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यानं, स्वतःच्या फोनवरनं ॲडव्हान्स पाठवले. सकाळी सहाला कोल्हापुरातनं निघाले, पावणेसातला कळे गावात क्लच प्लेट गेली, साडेतीन तास तिथंच. पुढं गगनबावड्यात फॅन बेल्ट तुटला, इंजिन उकळलं, ते होईपर्यंत एक वाजला आणि करूळ घाटात दरड आली म्हणून पोलिसांनी गाड्या थांबवल्या. परत फिरले तर मांडुकलीला रस्त्यावर पाणी. रात्र शाळेत काढली, गावातल्या लोकांनी पिठलं-भाकरी दिली, सकाळी गाडी स्टार्टच होईना, ड्रायव्हर "मेकॅनिक आणतो" म्हणून गेला तो गेलाच, शेवटी दुपारी पाणी उतरल्यावर पोरं वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, ४,२०० मोजून घरी आली. आता मालक म्हणतोय उरलेले ८,००० दे, वर नाइट हॉल्टचे, म्हणजे गाडी-ड्रायव्हर रात्री थांबल्याचे, १,५०० दे, निसर्गापुढं मी काय करणार. हे द्यायचे का, असा याचा प्रश्न आहे.

निसर्गापुढं काय करणार हे वाक्य कोर्टातबी चालतं, खोटं नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम ५६ आहे, कुणाच्याच हातात नसलेल्या कारणानं काम अशक्य झालं तर करार तिथंच संपतो. पण त्याच कायद्याचं कलम ६५ मालक सांगत नाही, करार असा संपला तर ज्यानं जे घेतलंय ते परत द्यायचं किंवा भरपाई करायची. म्हणजे त्याचंच म्हणणं धरलं तरी २६,००० च्या २६,००० त्याचे होत नाहीत.

आणि माझ्या मते त्याचं म्हणणं धरायचंच कशाला? घड्याळ बघ की. कोल्हापूर ते गगनबावडा जेमतेम ५५ किलोमीटर. गाडी धड असती तर साडेआठला तुम्ही घाट उतरून वैभववाडीत चहा पीत असता, दरड आली एकला. तुम्ही घाटाच्या अलीकडं अडकला ते गाडीमुळं. तुझी सगळी केस या साडेचार तासांवर उभी आहे, तक्रारीत पहिल्या परिच्छेदात वेळा लिहायच्या, पोरांना किती त्रास झाला ते नंतर. पहिला बिघाड झाला तेव्हा पाण्याचा काही संबंध नव्हता, दुसरा झाला तेव्हापण नव्हता, ५५ किलोमीटरात दोनदा बंद पडणारी गाडी लांबच्या भाड्याला पाठवली याला ग्राहक कायद्यात सेवेतली त्रुटी म्हणतात. तो फिटनेस सर्टिफिकेट दाखवेल, दाखवू दे. आठ वर्षांवरच्या भाड्याच्या गाडीला ते दरवर्षी घ्यावं लागतं, नंबर टाकून परिवहनच्या साइटवर तारीख तूच बघून घे. तू पाठवलेल्या फोटोत पाटी पिवळी आहे, म्हणजे खासगी गाडी भाड्यानं दिल्याचा वेगळा घोळ दिसत नाही.

आता तुझं चुकलं तेबी ऐक. १७ सीटमध्ये १९ पोरं बसवली. मोटार वाहन कायद्यात जादा माणशी २०० रुपये दंड आहे, त्यानं तुझी तक्रार मरत नाही पण समोरचा वकील क्लच का गेला याचं उत्तर तिथंच शोधणार, म्हणून हे लपवू नको, आपणच लिहायचं. दुसरं, गगनबावडा म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका, पंचगंगा ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाबी पाठ असतं, आणि आदल्या दिवशी अलर्ट असताना तुम्ही निघाला. मालकालाही तो माहीत होता, धंदा त्याचा आहे, त्यानंही थांबवलं नाही. तरी मानसिक त्रासाचे लाखभर मागायच्या भानगडीत पडू नको. ॲडव्हान्समधनं त्या ५५ किलोमीटरचं वाजवी भाडं वजा कर, वडापचे ४,२०० धर, त्रासाचे आणि खर्चाचे मिळून दहा-पंधरा हजार, एवढं पचतं. ८,००० आणि नाइट हॉल्ट द्यायचा नाही. हॉल्ट कसला, ड्रायव्हरच सोडून गेला!

मालवणच्या होमस्टेच्या ॲडव्हान्सचं मात्र अवघड आहे. त्यांची खोली तयार होती, तुम्ही पोचला नाही, यात त्यांचा दोष नाही. गोड बोलून तारीख बदलून माग, आणि नाहीच ऐकलं तर ती रक्कम गाडीमालकाच्या नोटिशीत घाल.

एका पालकानं फसवणुकीची केस टाकतो म्हटलंय म्हणून तू घाबरलायस. फसवणुकीला सुरुवातीपासून लबाडीचा हेतू लागतो, तू तर स्वतःचे पैसे घालून पोरं घरी आणलीस. फक्त हिशोब आजच ग्रुपवर टाक, पैशापैशाचा, उद्यावर ढकलू नको, मंडळांची अर्धी भांडणं हिशोब उशिरा दिल्यानं होतात हे मी वीस वर्षं बघतोय. मंडळ रजिस्टर नाही म्हणून अडत नाही, पण बुकिंग आणि पेमेंट तुझ्या नावावर आहे, तर तक्रारही तुझ्याच नावानं कर, बाकीच्या सज्ञान पोरांच्या सह्या सोबत घे.

आधी स्पीड पोस्टनं नोटीस, १५ दिवसांची मुदत. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत टाकायची, ई-जागृती पोर्टलवरनं घरबसल्याही होते. व्हॉट्सॲपचे चॅट आणि फोटो डिलीट करू नको, फोन बदलूसुद्धा नको, कारण २०२३ च्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र त्याला जोडावं लागेल. घाट किती वाजता बंद केला त्याचा लेखी कागद माहिती अधिकारात माग, दहा रुपयांचं काम आहे.

शनिवारी संध्याकाळी ऑफिसला ये. येताना कळ्यातल्या मेकॅनिकचं बिल आण, ओरिजिनल, झेरॉक्स नको, त्यावर त्यानं वेळ लिहिली नसेल तर येताना वाट वाकडी करून लिहून घे.