लागोस की नैरोबी: आधी वहिनींच्या मीटिंगची वेळ बघा

कंपनीने केनियातलं नैरोबी आणि नायजेरियातलं लागोस असे दोन्ही पर्याय दिलेत, बायको पुण्यातल्या कंपनीचं काम घरूनच चालू ठेवणार, मुलगी सहा वर्षांची; वेळेच्या दृष्टीने आणि राहायला कुठलं बरं, असं तुम्ही विचारलंय. मी आधी लागोसला होतो, आता सहकुटुंब नैरोबीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नैरोबी भारताच्या अडीच तास मागे, लागोस साडेचार तास. दोन्हीकडे घड्याळ मागेपुढे करायची भानगड नाही, त्यामुळे फरक बारा महिने तोच. दोन तासांनी काय होतंय असं वाटेल, पण वहिनींची सकाळी साडेनऊची मीटिंग नैरोबीत सातला येते आणि लागोसला पहाटे पाचला. लागोसला त्या दुपारी दोनलाच मोकळ्या होतील हे खरं. पण मग मुलीला उठवणं, आवरणं, डबा, सगळं तुमच्याकडे. जमणार असेल तर पुढचं बोला.

आईवडिलांशी बोलायचंही तसंच. लागोसला साडेसातला घरी पोचलात तर तिकडे मध्यरात्र झालेली. माझे फोन जेवणाच्या सुट्टीतच व्हायचे, तेव्हा आई संध्याकाळचा चहा घेत असायची. नैरोबीत सहाला फोन लावला तर पुण्यात साडेआठ. सगळे जेवायला बसलेले सापडतात.

आणि लागोसला घरी कधी पोचायचं ते रस्ता ठरवतो. ऑफिस इकेजाला आणि घर लेक्कीला असं काही कंपनीने गळ्यात मारलं, तर सरळ नाही म्हणा. मधला थर्ड मेनलँड ब्रिज जवळपास बारा किलोमीटरचा; त्यावर 'गो-स्लो', म्हणजे ट्रॅफिक जाम, लागला की गाडीत बसून प्लँटन चिप्स खाण्यापलीकडे हातात काही नसतं. विकणारी पोरं गाड्यांच्या रांगांमधून पळत येतात, एका हातात चिप्स, दुसऱ्या हातात मोबाइलचे चार्जर. रस्त्यावर बजाजच्या पिवळ्या रिक्षाही दिसतील, तिकडे त्यांना 'केके' म्हणतात. पुणेकराला तेवढंच समाधान.

लागोसला घर, ड्रायव्हर आणि जनरेटर बहुतेक भारतीय कंपन्या देतात, पण डिझेल कोण भरणार हे पत्रात लिहून घ्या, 'लाइट' जातेच. पगार डॉलरमध्येच मागा. 2023 च्या जूनमध्ये सरकारने तिथल्या चलनाचा, नायराचा, दर मोकळा सोडला आणि तो असा घसरला, की नायरात पगार घेणाऱ्यांची बचत बघता बघता आटली. डॉलर मिळत असतील तर एकट्या माणसाची शिल्लक मात्र तिथे चांगली पडते, हे मान्य करायलाच हवं. शिवाय मुलीला सीबीएसईतच ठेवायचं असेल तर तिथे भारतीय शाळा आहे.

नैरोबीत आमच्या ओळखीतली बहुतेक मुलं ब्रिटिश पद्धतीच्या शाळांत जातात, फीचा आकडा आधीच विचारा. बाकी संसाराला हे गाव सोपं. पार्कलँड्सला घर घेतलंत तर डाळी, पीठं, फरसाण, सगळं डायमंड प्लाझात मिळतं. पैशांचे व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, अगदी भाजीवालीसुद्धा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंच, त्यामुळे जुलैत स्वेटर लागतो आणि मलेरियाची धास्ती लागोसच्या मानाने फारच कमी. पाण्याची मात्र बोंब असते. इमारतीला बोअरवेल आहे का ते घर बघतानाच विचारा. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

एक गंमत सांगून ठेवतो. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. प्लंबर 'सा तातू' म्हणाला, म्हणजे तिसरा तास, तर तो नऊला येणार. घड्याळात त्या आकड्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. इंग्रजीत बोलणारे मात्र आपल्यासारखंच मोजतात, म्हणून वेळ ठरवताना एकदा खात्री करून घ्या.

थोडक्यात, तिघं जाणार असाल तर नैरोबी. तुम्ही एकटेच दोन-तीन वर्षं पैसे साठवायला जाणार असाल तर लागोस. पिवळ्या तापाची लस दोन्हीसाठी तिघांनीही घ्या, ती ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका. आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा: सुट्टीवर येताना मुंबईला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.